साठांतली सात

टेबल मोकळं करा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. डेक समोर ठेवा, पालथा. पुढचा काही वेळ त्यातलं एकही पान काढायचं नाही आणि नवं घालायचं नाही. ज्यांनी स्पर्धेसाठी डेक बांधला आहे त्यांना ठाऊक आहे, नेमकं हेच सर्वांत जड जातं. काल हरलेला डाव डोक्यात असतो, एखादं नवं पान खुणावत असतं, हात शिवशिवत असतात. शिवशिवू द्या. सध्या फक्त पाहायचं आहे.

डेक मॅजिक द गॅदरिंगचा धरू. अदलाबदलीच्या पानांचे जे खेळ आज जगभर स्पर्धांत खेळले जातात त्यांची वाट या खेळाने पाडली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पहिल्या संचात २९५ वेगवेगळी पानं होती. आज ती २५,००० च्या वर गेली आहेत. पण खेळाचा कणा तेव्हा होता तोच आहे. पान खेळायला मॅना नावाचं बळ लागतं, ते लँडच्या पानांतून मिळतं आणि एका टर्नमध्ये हातातलं एकच लँड मांडता येतं. दोघेही वीस लाइफने सुरुवात करतात. डेकमध्ये किमान साठ पानं, बेसिक लँड सोडली तर एका नावाची फार तर चार, आणि शेजारी पंधरा पानांचा साइडबोर्ड. पोकेमॉन खेळणाऱ्यांनी लँडच्या जागी एनर्जी मनात धरली तरी पुढचं बरंचसं त्यांच्याही कामाचं आहे.

समोरचा डेक लाल आहे. वीस माउंटन, चार लाइटनिंग बोल्ट, चार गॉब्लिन गाइड आणि त्यांच्यासारखीच एक-दोन मॅनात खेळता येणारी, थेट घाव घालणारी पानं. मॉडर्न फॉरमॅटमध्ये अशा डेकला बर्न म्हणतात. साधा डेक आहे. मननाला साधाच बरा, कारण त्यात लपायला जागा नसते.

आता एका गोष्टीवर सावकाश विचार करा. तुम्ही हा डेक बांधलात तेव्हा साठच्या साठ पानं टेबलावर मांडून बांधलात. एक मॅनाची एका रांगेत, दोन मॅनाची दुसऱ्या रांगेत, कडेला लँड. सगळं एकदम दिसत होतं आणि देखणं दिसत होतं. पण खेळताना हे दृश्य कुणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही. आधी सात पानं हातात येतात, मग प्रत्येक टर्नला एक. आठव्या टर्नपर्यंत चौदा-पंधरा पानं पाहून होतात, आणि लाल डेकचा डाव बहुधा त्याआधीच आटोपलेला असतो. उरलेली पंचेचाळीस पानं त्या डावापुरती नसल्यासारखीच. आपण रचतो साठ आणि खेळतो सात. डेक सुधारण्याचं सगळं काम या दोन आकड्यांमधल्या अंतरात चालतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून टेबलावर मांडलेल्या रांगा आता विसरा. डेककडे तो हातात जसा येईल तसं पाहायचं आहे.

पिसा.

घाईने नको. दोन भाग करून पानं एकमेकांत सरकवायची, पुन्हा गठ्ठा, पुन्हा दोन भाग. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं, की ५२ पानांचा कॅट नीट मिसळायला असं सात वेळा करावं लागतं. आपली साठ आहेत, एखादी फेरी जास्त करू. हे करताना मनात काय चाललं आहे तिकडेही लक्ष असू द्या. पुष्कळ खेळाडू पिसण्याआधी दर दोन पानांमागे एक लँड अशी रांग लावतात, लँड अडकून बसू नयेत म्हणून. जरा थांबून या सवयीकडे पाहा. पिसणं खरं असेल तर त्या रांगेचा मागमूस राहत नाही, मग ती लावण्यात अर्थ काय? आणि मागमूस राहत असेल तर ती लबाडी झाली, स्पर्धेत तिला शिक्षा आहे. घरी एकट्याने सराव करतानाही ही रांग लावू नये, कारण मग जो डेक आपल्याला भेटतो तो आपला नसतोच. लँड अडकणार असतील तर ती इथे, या टेबलावर अडकलेली पाहायला हवीत.

वरची सात पानं उचला. चांगला हात की वाईट, हे लगेच ठरवू नका. आधी फक्त मोजा. लँड किती? पहिल्या टर्नला काय खेळता येईल? दुसऱ्या? तिसऱ्या टर्नला हातात काय उरेल? ही उत्तरं मनात पूर्ण झाली की पानं परत गठ्ठ्यात घाला, पिसा, पुन्हा सात उचला. खेळायचं नाही. हातांमागून हात नुसते पाहत राहायचं. पहिले काही हात कंटाळवाणे वाटतील. मग हळूहळू डेकचा एक स्वभाव दिसायला लागतो, जो यादी वाचून कधीच कळत नाही.

लवकरच एक लँडचा हात येईल, किंवा एकही लँड नसलेला. वाईट वाटेल, नशिबाचा विचार येईल. त्या क्षणी हिशेब आठवा. साठांत २४ लँड असतील तर सात पानांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, म्हणजे सातांतून एकदा. २२ असतील तर १९ टक्के. आपल्या लाल डेकमध्ये वीसच आहेत, त्यामुळे जवळजवळ २५ टक्के, चारांतून एकदा. उलट बाजूने, पाच किंवा जास्त लँडचे हात २४ लँडच्या डेकला ८ टक्क्यांहून थोडे जास्त वेळा येतात, आपल्याला साडेतीन टक्के. वीस लँड लावताना आपण हा सौदा केला आहे. लँडच्या ढिगाऱ्यात बुडून मरण्यापेक्षा कधीमधी एका लँडवर अडकणं आपण पत्करलं. तो सौदा बांधताना एका आकड्यासारखा वाटला होता, आता तो हातात धरलेला आहे. याच्याकडे पाहून तुम्हाला अजूनही तो मान्य आहे का? घाईने हो म्हणू नका. असे आणखी काही हात येऊ द्या.

समजा हात असा आहे: एक माउंटन, दोन बोल्ट, एक गॉब्लिन गाइड आणि दोन मॅनाची तीन पानं. ठेवायचा की टाकायचा? तुम्ही पहिले खेळणार असाल तर पहिल्या टर्नला पान उचलता येत नाही, म्हणून दुसऱ्या टर्नपर्यंत एकच पान मिळतं, आणि ते लँड असण्याची शक्यता ३६ टक्के. दुसरे खेळणार असाल तर दोन पानं मिळतात, तीच शक्यता ५९ टक्क्यांवर जाते. तोच हात, तीच सात पानं. बदललं फक्त कोण आधी खेळतं ते, आणि एवढ्याने एक हात टाकण्याजोगा झाला आणि दुसरा विचार करण्याजोगा. २०१९ पासूनच्या मलिगनच्या नियमाने हात टाकला तरी पुन्हा सात पानं उचलता येतात आणि त्यातलं एक गठ्ठ्याच्या तळाशी ठेवावं लागतं. म्हणजे सहा पानांचा हातही आपल्या निवडीचा असतो. आपल्या डेकचे सहा पानांचे हात कसे दिसतात हेही पाहून घ्या. बहुतेक जण ते कधीच पाहत नाहीत, आणि मग स्पर्धेत पुढ्यात आले की बिचकतात.

आता गॉब्लिन गाइडवर थोडा वेळ थांबू. ते पान उचलून डोळ्यांसमोर धरा. हा क्रीचर आहे, म्हणजे हल्ला करणारं किंवा समोरचा हल्ला अडवणारं पान: एक मॅना, ताकद दोन, आला त्याच टर्नला हल्ला करू शकतो. लाल डेकवाल्यांचं हे लाडकं पान, आणि उगाच नाही. आपण पहिले खेळलो, पहिल्याच टर्नला हा आला आणि कुणी त्याला अडवलं नाही, तर चौथ्या टर्नपर्यंत चार हल्ले होतात, आठ लाइफ जातात. एका मॅनात आठ! बोल्ट एका मॅनात तीनच नेतो. आता हेच पान सातव्या टर्नला गठ्ठ्यावरून उचललंय असं मनात आणा. समोर तीन-चार ताकदीचे क्रीचर उभे आहेत. तुमच्या हातात दुसरं काही नाही. समोरच्याचे तीन लाइफ उरलेत. गाइड हल्ला करेल आणि मरेल. त्या जागी बोल्ट असता तर डाव संपला असता.

तर या पानाची किंमत किती? आठ की शून्य?

या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई करू नका. पानाला स्वतःची अशी किंमत नाही, हे मनात पक्कं बसू द्या. ते कोणत्या हातात, कितव्या टर्नला, कुणासमोर आलं यावर ती ठरते. पान चांगलं आहे का, असा प्रश्न आपण एकमेकांना फार सहज विचारतो. डेक घेऊन बसलेल्या माणसाला तो प्रश्न पुरत नाही. गाइड चार ठेवले कारण तो पहिल्या टर्नला यावा असं आपल्याला वाटतं, आणि त्याची किंमत म्हणून तो कधीकधी सातव्या टर्नलाही येणार हे आपण स्वीकारलं. चार प्रती असल्या तर सुरुवातीच्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के आहे. तीन असल्या तर ३१.५, दोन असल्या तर २२, एकच असली तर १२ च्या आतच. दोन किंवा जास्त गाइड एकदम हातात येण्याची शक्यता, चार प्रती धरून, ६ टक्के. गाइडचं दुसरं पान हातात आलं तर आनंद होतो. पण डेकमधलं प्रत्येक पान असं नसतं. काही पानांची पहिली प्रत हवीहवीशी असते आणि दुसरी हातात आली की ओझं होतं. एकेक नाव घेऊन स्वतःला विचारा: याचं दुसरं पान आलं तर मला काय वाटेल? चार, तीन की दोन, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका प्रश्नात मिळून जातं.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. बोल्ट तीन लाइफ नेतो. बोल्टसारखे सात घाव म्हणजे एकवीस, समोरच्याचं आयुष्य वीस. सात घाव आणि ते खेळायला तीन लँड, एकूण दहा पानं. पहिले खेळणाऱ्याला दहावं पान चौथ्या टर्नला मिळतं. तोवर मॅना मिळतो एक, दोन, तीन आणि तीन, म्हणजे नऊ. सात एक-मॅनाच्या घावांना तो पुरून उरतो. लाल डेकचं स्वप्न हे असं आकड्यांत मांडता येतं. असं प्रत्यक्षात क्वचितच होतं. पण डेकमधल्या प्रत्येक पानाला या दहांत उभं करून पाहता येतं. याने तीन लाइफ जातात का? जात नसतील तर हे त्याबदल्यात काय करतं? चार मॅनाचं एखादं भव्य पान, जे वाचताना अंगावर काटा येतो, ते या दहांत कुठे बसतं? ते तिथे बसत नाही. ते बसतं तुमच्या मनातल्या एका जुन्या, रंगलेल्या डावात, जो त्या पानाने जिंकून दिला होता. त्या डावाविषयी कृतज्ञ राहा. पान मात्र पुन्हा या दहांत ठेवून बघा.

हीच नजर १९९६ साली अमेरिकेत अटलांटाला एका पात्रता स्पर्धेत दिसली, आणि मला ती गोष्ट या खेळाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल डेक घेऊन दुसरा आला. डेक रचला होता जे श्नायडरने, नाव मात्र स्लायचं पडलं आणि आजही तसल्या डेकला स्लाय म्हणतात. त्याची यादी पाहून कुणाचाही विश्वास बसला नसता. लाइटनिंग बोल्ट आणि इन्सिनरेट ही सर्वमान्य पानं होती, पण त्यांच्या शेजारी चार आयर्नक्लॉ ऑर्क्स होते. दोन मॅना, ताकद दोन, आणि वर एक अपंगत्व: दोन किंवा जास्त ताकदीच्या क्रीचरला हे अडवू शकत नाहीत. अशा पानाकडे लोक कीव करून पाहत.

त्या ऑर्क्सकडे तुम्हीही जरा वेळ पाहा. अडवू शकत नाही. पण हल्ला करायलाच निघालेल्या डेकला अडवायचं असतं कधी? जी गोष्ट आपण करणारच नाही, ती करता येत नाही म्हणून काय बिघडलं? त्या पानावर छापलेलं वैगुण्य त्या डेकमध्ये जवळजवळ गळून पडत होतं आणि उरत होती दुसऱ्या टर्नची दोन ताकद. श्नायडरच्या डेकचा खरा विचार होता मॅनाच्या चढत्या क्रमाचा. पहिल्या टर्नला एक मॅना वापरला जावा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, कोणताच मॅना वाया जाऊ नये. एखाद्या टर्नला मॅना पडून राहिला तर तो पुढच्या टर्नला मिळत नाही, गेला तो गेला. हा क्रम पुरा करायला दोन मॅनाचं पान हवं होतं, आणि ऑर्क्स तिथे बसले. मॅना कर्व्ह हा शब्द आज कुठलाही नवखा खेळाडू पहिल्या आठवड्यात शिकतो. तो विचार टेबलावर सिद्ध झाला तो असल्या कीव केल्या जाणाऱ्या पानांनी.

आता तुमच्या डेकमधला मॅनाचा क्रम बघा, पण रांगा लावून नाही. पुन्हा सात उचला आणि या वेळी टर्न मनातल्या मनात खेळा. समोर कुणी नाही. पहिला टर्न, लँड, काय खेळलं? दुसरा, पान उचला, लँड, काय खेळलं? कुठे मॅना पडून राहिला? पडून राहिला असेल तर का: पान नव्हतं, की होतं पण महाग होतं, की रंग चुकला? दोन रंगांच्या डेकमध्ये हा शेवटचा प्रश्न फार छळतो. पहिल्या टर्नला लाल मॅना हवाच असेल आणि लाल देणारी लँड चौदा असतील, तर सुरुवातीच्या सातांत त्यातलं निदान एक असण्याची शक्यता ८६ टक्के. चौदा हा आकडा डोळ्यांना पुरेसा दिसतो, आणि तरी सातांतून एक हात पहिल्याच टर्नला मुका बसतो.

या टप्प्यावर एकसष्टाव्या पानाचा मोह होतो. काहीच काढवत नाही, म्हणून एक जास्त. नियम साठापेक्षा कमी नको एवढंच म्हणतो. एकसष्ट केल्याने चार प्रतींचं पान सातांत येण्याची शक्यता जवळपास ४० वरून ३९.४ टक्क्यांवर येते. फरक कुणाला जाणवणार नाही इतका लहान. मी तरीही साठवरच थांबायला सांगेन. टक्क्यांचं कारण त्यात कमी आहे. एकसष्टावं पान आत आलं म्हणजे निर्णय झालाच नाही. दोन पानांपैकी आपल्याला कोणतं जास्त वेळा हातात यायला हवं, हा प्रश्न तसाच पडून राहिला आणि तो स्पर्धेत, वेळ कमी असताना, पुन्हा पुढ्यात येईल.

आता एक पान बदलायला हरकत नाही. एकच. जे सारखं हातात येऊन शेवटपर्यंत न खेळलेलं राहत होतं ते काढा, आणि जे हवं होतं ते घाला. नवं पान विकत घ्यायची गरज नाही, जुन्या पानावर कागदाची चिठ्ठी सरकवून त्यावर नाव लिहिलं तरी सरावाला पुरतं. एकाच वेळी पाच पानं बदलली की काय झालं ते कळत नाही. एकच बदललं आणि पुन्हा शांतपणे हात पाहिले, तर त्या पानाची चाहूल लागते.

इथवर आपण एकटे होतो. आता समोर कुणीतरी बसवू.

माइक फ्लोरेसने १९९९ साली एक लेख लिहिला, त्याचं नाव ‘हूज द बीटडाउन?’. दोन डेक समोरासमोर आले की एकाला चढाई करावी लागते आणि दुसऱ्याला बचाव, आणि ज्याला आपली भूमिका ओळखता येत नाही तो बहुधा हरतो, असं त्याने मांडलं. वाचायला सोपं आहे, पण यावर मनन करावं तितकं थोडं. आपला लाल डेक जवळजवळ सगळ्यांसमोर चढाई करतो, म्हणून आपल्याला वाटतं की भूमिका ठरलेलीच आहे. आता समोर असाच दुसरा लाल डेक बसला आहे आणि पहिला टर्न त्याचा आहे असं समजा. त्याचा गाइड आपल्या एक टर्न आधी येणार. त्याचे घाव आपल्या एक टर्न आधी पुरे होणार. आपणही चढाईच करत राहिलो तर एका टर्नने हरू. मग हातातला बोल्ट त्याच्या लाइफवर टाकायचा की त्याच्या गाइडवर? घरी बसून हा प्रश्न स्पष्ट दिसतो. टेबलाशी, समोरच्याचे लाइफ कमी होताना पाहण्याचा आनंद सोडून बोल्ट एका क्षुल्लक गॉब्लिनवर टाकायला फार मोठा संयम लागतो. आणि बोल्ट हे पान दोन्ही कामं करू शकतं म्हणूनच ते बर्नच्या प्रत्येक यादीत आधी लिहिलं जातं. फक्त समोरच्या खेळाडूलाच लागणारी पानं ती लवचीकता देत नाहीत. तुमच्या डेकमध्ये बचाव करू शकणारी पानं किती, तेही एकदा मोजून घ्या.

सराव करा, मित्राला बसवा, दहा डाव खेळा. पण निकालाकडे सांभाळून पाहा. समजा तुमचा डेक त्याच्या डेकविरुद्ध खरोखरच वरचढ आहे आणि शंभरातून पंचावन्न डाव जिंकतो. तरीही दहा डावांत तुम्ही पाच किंवा कमीच जिंकाल, असं जवळजवळ निम्म्या वेळा होईल. नाणं उडवल्यासारखंच ते. दहा डावांवरून डेक मोडीत काढणारे आणि दहा डावांवरून त्याच्या प्रेमात पडणारे, दोघेही त्या नाण्याचं ऐकत असतात. त्यापेक्षा वहीत दुसरंच काही लिहा. सुरुवातीचा हात ठेवला तेव्हा काय विचार केला होता, ते डाव संपण्याआधी लिहा. कोणतं पान हातात नुसतं राहिलं, ते लिहा. हरल्यावर, ज्या टर्नला काही वेगळं करता आलं असतं तो टर्न लिहा, आणि तसा टर्न सापडलाच नाही तर तेही लिहा. हात ठेवण्याचा निर्णय बरोबर असूनही डाव हरता येतो, आणि चुकीचा असून जिंकता येतो. दुसऱ्या प्रकारच्या डावांपासून जास्त जपा, कारण जिंकल्यावर वही उघडावीशी वाटत नाही.

साइडबोर्डकडे आपण फार उशिरा वळतो. सामना तीन डावांचा. पहिला डाव साठ पानांवर, आणि पुढचा एक किंवा दोन डाव साइडबोर्ड मिसळून. म्हणजे स्पर्धेतले निम्मे किंवा त्याहून जास्त डाव अशा डेकने खेळायचे असतात ज्याचा आपण सर्वांत कमी विचार केला आहे. पंधरा चांगली पानं जमवून ही उणीव भरत नाही. ज्या डेकची भीती वाटते तो मनात आणा आणि आधी बाहेर काय जाणार ते ठरवा. त्याच्याविरुद्ध आपली कोणती पानं मरगळतात? तीन? मग आत तीनच यायला हवीत. सहा पानं बाहेर काढून सहा उत्तरं आत घेतली, तर लाल डेकची चढाई मंदावते. उत्तरं हातात असतात, पण समोरच्याचे लाइफ कमी होत नाहीत. बर्नवाल्यांचा साइडबोर्डमध्ये जितका घात होतो तितका क्वचितच दुसरीकडे होतो. बदललेले हे साठ पुन्हा पिसा, पुन्हा सात उचला. या हातांतूनही वीस लाइफ नेता येतात का?

स्पर्धेच्या सकाळी यादी लिहून द्यायची असते. साठ आणि पंधरा, एकेका नावासमोर आकडा. ती दिली की दिवसभर काही बदलता येत नाही, प्रत्येक सामना त्याच साठांनी सुरू होतो. आदल्या रात्री कुणीतरी एखादं पान सुचवतं, आणि ते सुचवणाऱ्याने तुमचे हात पाहिलेले नसतात. त्याचं ऐकून घ्या. मग ते पान मनातल्या मनात सात पानांच्या एखाद्या हातात, दुसऱ्या टर्नला ठेवून पाहा. तिथे ते काय करतं हे पाहिलेलं नसेल, तर ते पुढच्या स्पर्धेसाठी राहू दे.

संध्याकाळी, गुणतक्ता बघण्याआधी, साइडबोर्डमधून दिवसभरात एकदाही बाहेर न आलेली पानं कोणती ते वहीत लिहा. ती चुकीचीच होती असं नाही. ज्या डेकसाठी ती ठेवली होती तो आज तुम्हाला भेटलाच नसेल. तो सभागृहात होता का, किती टेबलांवर होता, पुढच्या वेळी वाढेल की आटेल, हे तुमच्या सहा-सात सामन्यांवरून सांगता येत नाही. ते कळेल तुमचा सामना लवकर संपल्यावर इतर टेबलांभोवती फिरून कोण काय खेळतंय ते पाहिलं असेल तर.